एमआरआय छान झाला, पण रिपोर्ट हातात दिला आणि विषय संपला

वय ४७. अर्धशिशी कॉलेजपासूनची, पण तेव्हा पाळीच्या आदल्या दिवशी एकदा, खोलीत अंधार करून पडलं की भागायचं. गेल्या दीड वर्षात पाळी मागेपुढे व्हायला लागली तसं महिन्यातले बारा-पंधरा दिवस डोकं ठणकायला लागलं, आणि एकदा तर डोळ्यांपुढे डाव्या बाजूला नागमोडी चमकणारी रेघ आली, वीसेक मिनिटं राहिली, असं आधी कधीच झालेलं नव्हतं म्हणून डॉक्टरांनी ब्रेनचा एमआरआय सांगितला.

सेंटरमधला टेक्निशियन मुलगा खरंच चांगला. मंगळसूत्र, पिना सगळं काढायला लावलं, कानात बोळे दिले, हातात बेल दिली आणि दर वेळी माइकवरून "काकू, आता चार मिनिटं आवाज येईल" असं सांगत होता, त्यामुळे त्या बोगद्यात घाबरायला झालं नाही.

संध्याकाळी काउंटरवर पाकीट मिळालं. आत लिहिलेलं, दोन्ही बाजूंच्या फ्रंटल व्हाइट मॅटरमध्ये काही बारीक नॉनस्पेसिफिक टी-टू फ्लेअर हायपरइन्टेन्सिटीज, आणि पुढे इस्केमिक, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडल्याचा, हा शब्द. माझ्या वडिलांना लकवा झाला होता हो, तो शब्द वाचून माझे पायच गळाले. विचारलं तर "ते तुमचे डॉक्टरच सांगतील". शुक्रवार होता, अपॉइंटमेंट सोमवारची. तीन रात्री नवरा-बायको मोबाईलवर शोधत बसलो.

सोमवारी न्यूरोलॉजिस्टनी सीडी लावून एकेक चित्र दाखवलं. रिपोर्टातल्या हायपरइन्टेन्सिटीज म्हणजे मोहरीएवढे तीन-चार पांढरे ठिपके. म्हणाल्या, अर्धशिशी असणाऱ्यांत असे ठिपके जास्त दिसतात, बीपी, शुगर, सिगारेट, वय यानेही येतात, म्हणून बीपी-शुगर तपासू, पण ताजा स्ट्रोक नाही, गाठ नाही. आणि मायग्रेन एमआरआयमध्ये दिसतच नाही, तो पेशंटच्या बोलण्यातून कळतो, स्कॅन दुसरं काही नाही ना हे बघायला. रेघ दिसते हे गायनॅकलाही सांगा म्हणाल्या, कारण अशा बाईने इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर स्ट्रोकचा धोका वाढतो.

मग त्यांनी विचारलं, महिन्यात गोळ्या किती दिवस घेता? मी मोजलेच नव्हते. मेडिकलमधून आणलेली दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी, सोळा-सतरा दिवस! अशी मिक्स गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, साधी पॅरासिटामॉल पंधरा दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. त्यांच्या देखरेखीखाली बंद केली, पहिले दोन आठवडे फार वाईट गेले, सोबत अर्धशिशी येऊ नये म्हणून रोजची प्रोप्रानोलॉल गोळी सुरू झाली (दमा असेल तर ही चालत नाही, आधी सांगा), वहीत तारखा लिहिते. चार महिन्यांनी आता डोकं दुखणं महिन्यात पाच दिवसांवर आलंय.

मशीन आणि त्या मुलासाठी सेंटरला तीन स्टार देते. दोन कापले, कारण रेडिओलॉजिस्ट आतच बसलेले होते, दोन मिनिटं बोलले असते तरी आमच्या तीन रात्री वाचल्या असत्या. जाणार असाल तर सीडी आठवणीने मागा, मला मागितल्यावरच दिली, आणि रिपोर्टच्याच दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा.