स्वतःची साइट घेऊन नऊ महिने झाले : अनुभव (मुख्यतः ‘ल’चा)

परवा नूतनीकरणाची मेल आली. डोमेन, म्हणजे साइटचं नाव आणि पत्ता, पहिल्या वर्षी १९९ रुपयांना पडलं होतं, आता १,१४९ म्हणताहेत, वर १८ टक्के जीएसटी. वर्ष संपायला अजून तीन महिने आहेत, पण ‘आजच भरा आणि वाचवा’ असा आग्रह. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी थांबणारी बाई मी. हे पैसे भरायचे की नाहीत हे ठरवायला बसले आणि त्यातून हे लिहून झालं.

होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची विकतची जागा, याहून जास्त तांत्रिक सांगत नाही. माझं एवढंच सांगते की २००८पासून मी नेटवर लिहितेय. विषय एकच, घरातल्या जुन्या वस्तू आणि त्यांची नावं. कालथा, काविलथा, उलथनं ही एकाच वस्तूची तीन नावं कुठल्या घरात कोणतं चालतं, असल्या नोंदी. सहाशेच्या वर झाल्या. सगळ्या फुकटच्या जागी. पण फुकटच्या जागांचं काय होतं ते पाहत आले आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला मिटलं. गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये गेलं. त्याच वर्षी मायस्पेसने सांगितलं की साठवणीची जागा बदलताना लोकांनी चढवलेली २००३ ते २०१५ची गाणी हरवली, आणि ती गाणी पाच कोटींच्या घरात होती. २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा आमच्या गल्लीतला लेझीम शिकवणारा पोरगा एका रात्रीत पुन्हा नुसता पोरगा झाला. कू, ते ट्विटरसारखं देशी ॲप, जुलै २०२४मध्ये आटोपलं. तेव्हा म्हटलं, आपलं सामान आपल्या घरी बरं.

भाची म्हणाली, “मावशी, एवढं लांब आता कोण वाचतं? रील कर.” तरी साइट तिनेच उभी करून दिली, दोन रविवारांत. दोन्ही रविवारी पुरणपोळी.

आता मुद्द्यावर येते. ल.

पहिल्याच दिवशी पान उघडलं आणि माझा ल हिंदी निघाला. उजवीकडे पूर्ण दांडा असलेला. आपला ल दोन पाकळ्यांचा असतो, शाळेत बाईंनी गिरवून घेतलेला. शासनाने २००९मध्ये प्रमाण मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात आपल्या वळणाचे ल आणि श आहेत. हे कुणाला क्षुल्लक वाटेल. भाचीला वाटलंच. पण माझ्या विषयाकडे बघा : लाटणं, उलथनं, कालथा, चूल, खलबत्ता. पानभर ल सांडलेला आणि एकही आपला नाही! आपल्याच स्वयंपाकघरात कुणीतरी परकी भांडी मांडून गेल्यासारखं वाटायचं.

आधीच्या फुकटच्या जागेतही तसाच ल होता. पण तिथे मी सोळा वर्षं चकार शब्द काढला नव्हता. भाड्याच्या घरात खिळा ठोकायला माणूस जसा बिचकतो, तसं. इथे पैसे मोजले होते, त्यामुळे हिंमत आली.

तीन आठवडे फाँट बदलत बसले. एकात ल मराठी पण ‘ऱ्या’ फुटका, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‍ या’ दिसायचं. दुसऱ्यात सगळं छान पण जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर. शेवटी कळलं की दोष फाँटचा नव्हताच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, हिंदी आणि मराठी ल एकच आहे, एकच क्रमांक. चांगल्या फाँटच्या पोटात दोन्ही वळणं असतात, पण कोणतं दाखवायचं ते पानाने सांगावं लागतं. माझ्या तयार साच्यात पानाची भाषा ‘एचआय’, म्हणजे हिंदी, अशी लिहिलेली होती. ती खोडून ‘एमआर’ केलं. बस. दोन अक्षरं. पान पुन्हा उघडलं आणि सहाशे नोंदींतले सगळे ल एकदम पाकळ्या उघडून बसले. आनंदाने मी यांना हाक मारली. हे आले, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, “काय बदललं?”

इथवर पाचपैकी पाच देणार होते. पण तिसऱ्या महिन्यात घात झाला.

एके सकाळी साइट उघडेना. ‘हे पान सुरक्षित नाही’ असा लाल शेरा. सुरक्षेचं सर्टिफिकेट संपलेलं. लेट्स एनक्रिप्ट ही ना-नफा संस्था ती सर्टिफिकेटं फुकट देते, नव्वद दिवसांची. दर वेळी ती आपोआप नवी व्हायला हवीत. होस्टिंगवाल्यांकडे ती झाली नाहीत. चॅटवर एक गृहस्थ आले, “मॅडम, प्रीमियम सर्टिफिकेट घ्या, २,४९९ वार्षिक.” म्हटलं, फुकटचं आहे ते चालू करून द्या. मग दुसरे गृहस्थ. मग तिसऱ्या बाई, ज्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. चार दिवस आणि सव्वाशे निरोप झाल्यावर कुणीतरी एक बटण दाबलं आणि चालू झालं. फुकटच. म्हणजे बटण पहिल्या दिवसापासून होतं. एक तारा तिथे गेला, तो अजून परत दिलेला नाही.

दुसरी खोट पत्त्याची. नोंदीचं नाव मराठीत दिलं की तिचा पत्ताही मराठीत तयार होतो, आणि दुसरीकडे चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक आगगाडी होते. देवनागरीचं एक अक्षर तिथे नऊ जागा खातं. सॉफ्टवेअरने पत्त्याला दोनशे जागा दिल्यात, म्हणजे काना-मात्रा-वेलांटी सुटी मोजून बावीस अक्षरं. पुढचं छाटलं जातं. ‘लाटणं आणि पोळपाट : आजीच्या घरातली जोडी’ या नोंदीचा पत्ता झाला ‘लाटणं-आणि-पोळपाट-आजीच्या’. आजीच्या काय, ते कुणी विचारू नये. हल्ली पत्ता रोमनमध्ये हाताने लिहिते. गप्प बसते.

शोधाचंही एक. जुन्या नोंदींत मी ‘अॅल्युमिनियम’ अ आणि वर चंद्र असं दोन तुकड्यांत लिहायचे. मराठीसाठीचा अखंड ॲ युनिकोडमध्ये २००८ला आला आणि माझ्या बोटांना बऱ्याच उशिरा. त्यामुळे आता ‘ॲल्युमिनियम’ शोधलं की निम्म्या नोंदी सापडत नाहीत. दिसायला दोन्ही सारखेच. हा दोष साइटचा नाही, पण दुरुस्त मलाच करावा लागतोय, रोज दहा नोंदी.

वाचकांबद्दलचं मत मला मध्येच बदलावं लागलं. पहिल्या महिन्यात आकडा आला २,३०० भेटी. भाचीला लगेच फोन. तिने काहीतरी गाळण्या लावल्या आणि म्हणाली, “मावशी, बहुतेक यंत्रं आहेत.” माणसं उरली १४०. फुकटच्या जागी एका नोंदीला याच्या चौपट अंगठे यायचे. दोन महिने मी तोंड पाडून होते. या काळात कुणी मत विचारलं असतं तर ‘पैसे वाया’ म्हणाले असते.

पण याच काळात एक गोष्ट लक्षात आली. नवी नोंद लिहायला बसले आणि पहिलं वाक्य उमटलं, ‘थांबा! ही वस्तू तुमच्याही माळ्यावर असेल!’ मला लाजच वाटली. कुणाला थांबवतेय मी? माझ्याच पानावर तर तो आला आहे. फेसबुकवर ‘आणखी पाहा’च्या आत माणूस यावा म्हणून पहिल्या दोन ओळींत गळ टाकायची सवय लागलेली. इन्स्टाग्रामवर मजकूर २,२०० अक्षरांत कोंबायचा आणि त्यात दिलेल्या पत्त्यावर बोट ठेवून कुठे जाताही येत नाही, म्हणून तिथे नोंदीचा चौकोनी सुविचार व्हायचा : केशरी पार्श्वभूमी, एक चूल, चार ओळी. हे सगळं मी आपखुशीने करत होते आणि त्याला लिहिणं म्हणत होते. ‘थांबा!’ जायला चार महिने लागले. आता नोंद ‘वेळणी पितळेची असते’ अशी सुरू होते. कंटाळवाणी, पण माझी.

चोरी थांबली असंही नाही. उतरंडीवरची नोंद आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या चुलत जावेने पाठवली, खाली ‘अज्ञात’ आणि तीन गुलाब. मी पत्ता आणि तारीख पाठवली. तिने गुलाब आणखी एक वाढवला.

आणि मग सातव्या महिन्यात बडोद्याहून एक मेल आली. निवृत्त गृहस्थ, दृष्टी नाही, संगणकावर एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून ऐकतात. त्यांनी लिहिलं होतं की माझ्या नोंदी त्यांना पूर्वी हिंदी आवाजात ऐकू यायच्या, मध्यंतरी एक दिवस त्या एकाएकी मराठीत बोलायला लागल्या, आपण काय केलंत? मी तारीख ताडून पाहिली. ‘एचआय’चं ‘एमआर’ केलं तोच दिवस. ते वाचणारं यंत्रही पानाला भाषा विचारतं आणि त्याप्रमाणे आवाज बदलतं. मी आपली दोन पाकळ्यांसाठी झगडत होते. त्यांनी जाता जाता असंही लिहिलं होतं की ते केशरी चौकोन त्यांच्याकडे नुसते ‘चित्र’ एवढंच ऐकू यायचे. चार वर्षं मी त्यांना ‘चित्र’ ऐकवत होते.

आता त्यांची आठवड्याला एक मेल येते. खानदेशातल्या त्यांच्या आजोळच्या भांड्यांची नावं सांगतात, मी नोंदीत घालते. मागच्या आठवड्यातल्या एका शब्दावर आमचं जुंपलंय.

तर : पाचपैकी चार. ‘आजच भरा’ला बळी न पडता हिशोब केला तर डोमेन जीएसटीसकट १,३५६, दिवसाला पावणेचार रुपयांच्या आत. होस्टिंग मात्र बदलणार, ते बटण मी विसरलेले नाही. सर्टिफिकेट संपायची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली. यांनी परवा ते वाचून विचारलं, “हे कुणाचं सर्टिफिकेट?”