प्रभुभोजनाचं गाणं करायचंय? राजारामपुरीतला स्टुडिओ भारी आहे

चर्चसाठी प्रभुभोजनाचं गाणं बांधलं होतं, अरेंजमेंट आणि रेकॉर्डिंग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या स्टुडिओत केलं, लई भारी काम झालंय. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षरस घ्यायला लोक रांगेनं येतात, कधी पाच मिनिटं कधी वीस, म्हणजे गाणं कुठंही थांबवता आलं पाहिजे, आणि स्टुडिओवाल्यांना हे लगेच कळलं, प्रत्येक कडवं सा वर, म्हणजे मूळ सुरावर आणून सोडलंय त्यामुळं पेटीवाला पाळकांकडं बघून तिथंच थांबू शकतो. पट्टी काळी एक, चाल मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच, म्हणजे लई खाली-वर जात नाही, आज्ज्यापण सहज गातात. ताल दादरा, सहा मात्रांचा, तबला मऊ. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) नको म्हटलं, त्यांनी ऐकलं. पार्किंगची बोंब आहे पण मिक्सिंगला घाई अजिबात करत नाहीत. नक्की जावा.