गल्लीच्या ग्रुपवर बातमीची लिंक: अ‍ॅडमिनने वापरून पाहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप

कोल्हापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीच्या तोंडाशी आमचं किराणा दुकान आहे. 2019 च्या महापुरात दुकानातली साखरेची पोती पाण्यात विरघळली. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या चौघींनी मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, आणि तेव्हापासून मी अ‍ॅडमिन आहे. आज 212 माणसं आहेत. लग्नपत्रिका, वाढदिवस यासाठी हे अ‍ॅप कसं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंय ते बातमीच्या लिंकबद्दल, कारण पावसाळ्यात आमचा ग्रुप त्याच्यासाठीच चालतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी. हे आकडे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. त्यामुळे नदीची बातमी आली की कुणी नुसती वाचून सोडत नाही, लगेच हातपाय हलवतं.

मागच्या एका जुलैत रात्री अकराच्या सुमाराला आप्पांनी एक लिंक टाकली. वर शीर्षक: पंचगंगा धोका पातळीकडे, कुंभार गल्लीला स्थलांतराचा इशारा. खाली फोटो, वेबसाइटचं नाव, बस्स. आप्पांनी स्वतः एक अक्षर लिहिलं नव्हतं. पाच मिनिटांत शेजारच्या कुंभारदादांच्या कारखान्यात दिवे लागले. जुलैमध्ये तिथे गणपती निम्मे ओले असतात. ओल्या शाडूची मूर्ती दोघांनी तळाला धरून, श्वास रोखून उचलावी लागते, नाहीतर आधी सोंड तडकते, मग हात निखळतो. त्या रात्री तिघंजण भर पावसात मूर्ती माळ्यावर चढवत होते. पहाटेपर्यंत अकरा मूर्ती मोडल्या. वहिनी ते निखळलेले हात परातीत गोळा करून परत मातीत कालवत होत्या. सकाळी माझ्या मुलाने लिंक उघडून बघितली. बातमी जुलै 2021 ची होती. त्या रात्री नदी इशारा पातळीलासुद्धा लागलेली नव्हती.

आप्पांचा हेतू चांगलाच होता. त्यांना कुणीतरी पाठवली, त्यांना काळजी वाटली, त्यांनी टाकली. म्हणूनच मला वाटतं की लिंक टाकण्याची रीत माणसाला शिकवावी लागते, नुसत्या चांगल्या मनाने भागत नाही.

आता अ‍ॅपचं. फिरून फिरून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. ही सोय फार मोलाची आहे. त्याआधी भारतात एकदम पाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली ती जुलै 2018 मध्ये. त्याच महिन्याच्या 1 तारखेला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं होतं. ते आठवलं की पुढे पाठवायला लागणारा जास्तीचा अर्धा मिनिट मला कधीच जड वाटत नाही. पण हा बाण फॉरवर्ड केलेल्या मेसेजलाच लागतो. लिंक कॉपी करून नव्याने चिकटवली की बाण जातो. आप्पांनी तेच केलं होतं, म्हणून ती ताजी वाटली. लिंकसोबत दिसणाऱ्या चौकटीत बातमीची तारीखही दिसत नाही. पान उघडूनच बघावं लागतं, आणि तिथेही कित्येक वेबसाइट ती इतकी बारीक टाकतात की साठीपुढच्या माणसाला चष्म्याशिवाय सापडत नाही.

त्या दिवसानंतर मी ग्रुपच्या माहितीत दोन ओळी लिहिल्या. लिंक टाकणाऱ्याने आधी ती स्वतः पूर्ण वाचायची. मग बातमी कोणत्या तारखेची, कुठली आणि गल्लीशी तिचा काय संबंध, हे आपल्या शब्दांत लिहून मगच लिंक. उदाहरण म्हणून गेल्या पावसातला एका काकूंचा मेसेज मी पिन करून ठेवला होता: "आज सकाळची बातमी. राधानगरीचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडलेत. आपल्याकडे पाणी आज येणार नाही, पण वाहनं नदीकाठी लावू नका." खाली लिंक. लिंक न उघडताही काम झालं.

लिंक सोडून नुसता स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांशी माझं अजून पटत नाही. त्यात तारीख कापली जाते, वर्तमानपत्राचं नावही. अख्ख्या ई-पेपरची पीडीएफ टाकणं तर मी बंदच केलंय. ज्यांनी राबून बातमी आणली त्यांचा तो माल आहे.

जुनी लिंक दिसली तर अ‍ॅडमिनला ती सगळ्यांसाठी डिलीट करता येते. मी मात्र आधी त्या माणसाला फोन करते. दोनशे जणांपुढे मोठ्या माणसाला चुकीचं म्हटलं की तो पुन्हा खरी बातमीसुद्धा टाकत नाही. आप्पा आठवडाभर गप्प होते. मी घरी जाऊन चहा घेतला, तेव्हा बोलले. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय. कायद्याने मी मोकळी असेन, पण परातीतले ते हात मी बघितलेत.

पाण्याची पातळी चढायला लागली की मी फक्त अ‍ॅडमिनने लिहायची सेटिंग चालू करते. लोक नाराज होतात. तरी त्या दोन-तीन दिवसांत जिल्हा प्रशासनाने दिलेला आकडा, वेळेसकट, एवढंच ग्रुपवर जावं असं माझं ठाम मत आहे.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या चौकटीत नसलेल्या तारखेसाठी राखून ठेवलाय. तुमची गल्ली नदीकाठी असेल आणि ग्रुप शंभराच्या वर गेला असेल, तर दुसरा अ‍ॅडमिन नक्की नेमा, आणि तो रात्री उशिरापर्यंत जागणारा बघा. आमच्याकडे आता ते काम कुंभारदादांचा मुलगा करतो.