परवानगीची वाट की शेजाऱ्याचं पाऊल? परदेशातल्या वंशसंहाराबाबत भूमिका घेताना

दुसऱ्या देशात माणसं वंशावरून किंवा धर्मावरून वेचून मारली जात असतील तर बाहेरच्यांनी मध्ये पडावं का, या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणणारे आता क्वचित भेटतात. १९४८च्या वंशसंहारविरोधी करारात गुन्हेगारांना शिक्षा करण्याबरोबर वंशसंहार रोखण्याचंही बंधन आहे. २००५च्या जागतिक शिखर परिषदेत 'संरक्षणाची जबाबदारी', म्हणजे एखादं सरकार आपल्या लोकांना अशा गुन्ह्यांपासून वाचवत नसेल तर इतरांनी पुढे यावं हे तत्त्व, सर्व देशांनी मान्य केलं. तेव्हा पडावं की नको, हा वाद इथे घालत नाही. खरं अडतं ते पुढच्या पायरीवर: कोणी पडावं, आणि कोणाला विचारून?

पर्याय मुख्यतः दोन. पहिला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा: ठराव, निर्बंध, शांतिसेना, न्यायालय आणि सगळ्यात शेवटी परिषदेच्या संमतीने बळाचा वापर. दुसरा शेजाऱ्याचा: ज्याच्या हद्दीत निर्वासितांचे लोंढे येऊन थडकताहेत त्याने, अंगात बळ असेल तर, संमतीसाठी न थांबता आत जायचं आणि खुलासे नंतर द्यायचे.

मी वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, मुलांची तयारीही करून घेतो. हा विषय फिरून फिरून येतो, त्यामुळे कोणत्या बाजूचा वक्ता कुठे अडखळणार हे हल्ली आधीच कळतं. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, हे लपवत नाही. पण पहिल्याचं जे श्रेय आहे ते आधी द्यायला हवं.

परवानगीच्या अटीचा मोठा गुण असा की ती लबाडांना उघडं पाडते. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनवर चाल करून जाताना रशियाने पूर्व युक्रेनमधल्या डॉनबासमध्ये वंशसंहार चालू असल्याचंच कारण पुढे केलं होतं. युक्रेन आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि महिन्याच्या आत लष्करी कारवाई थांबवण्याचा अंतरिम आदेश मिळवला. रशियाने तो धाब्यावर बसवला ही गोष्ट वेगळी, पण बतावणी बतावणी म्हणून नोंदली तरी गेली. ही अट काढून टाकली तर प्रत्येक दांडगट देश तारणहार बनून कोणाच्याही घरात शिरायला मोकळा. शिवाय या वाटेवर लहानांनाही जागा आहे. २०१७मध्ये सात लाखांवर रोहिंग्या म्यानमारमधून पळाले. त्यांच्या बाजूने २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो गांबिया, पश्चिम आफ्रिकेतला एक चिमुकला देश. जानेवारी २०२०मध्ये म्यानमारविरुद्ध अंतरिम आदेशही निघाले. सैन्य पाठवून गांबियाला हे जन्मात जमलं नसतं.

इथवर पहिला पर्याय मला मनापासून पटतो. आता खुपतं कुठे ते सांगतो.

बहुतेक जण नकाराधिकाराला, म्हणजे पाच कायम सदस्यांपैकी एकट्यानेही ठराव अडवण्याच्या अधिकाराला, दोष देतात. तो दोष आहेच. सामूहिक हत्याकांडाच्या प्रकरणी कायम सदस्यांनी तो आपणहून बाजूला ठेवावा, असा फ्रान्स आणि मेक्सिकोचा आग्रह आहे. अमेरिका, रशिया आणि चीन अजून त्याला तयार नाहीत. तरी माझं मत नकाराधिकारामुळे फिरलं असं म्हणता येणार नाही. रवांडातल्या १९९४च्या कत्तलीच्या वेळी तो कोणी वापरलाही नव्हता.

माझा काटा हलला तो एका खुर्चीमुळे. ज्या टेबलाभोवती परवानगी मागायची, तिथे मारेकऱ्यांचा माणूसही बसलेला असू शकतो.

रवांडा १ जानेवारी १९९४पासून सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता. ७ एप्रिलला तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाची कत्तल सुरू झाली. त्याच दिवशी बेल्जियमचे दहा शांतिसैनिक मारले गेले आणि मग बेल्जियमने आपली तुकडी मागे घ्यायचं ठरवलं. शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमेओ डॅलेर यांच्या हाताखाली तिथे सुमारे अडीच हजार सैनिक होते, आणि शस्त्रसाठ्यांबद्दलचा इशारा त्यांनी जानेवारीतच न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाला, कळवला होता. परिषदेने २१ एप्रिलला काय ठरवलं? दल २७०वर आणायचं. चर्चा चालू असताना कत्तल करणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसून सहकारी देशांची मनं ओळखत होता. कोणाला मध्ये पडायची इच्छा नाही, हे मारणाऱ्यांना वर्तमानपत्रात वाचावं लागलं नाही. पुढे १७ मे रोजी परिषदेने ५,५०० सैनिक मंजूर केले आणि सोबत शस्त्रबंदीही घातली. शस्त्रबंदीच्या विरोधात एकच मत पडलं, रवांडाचं. वरातीमागून निघालेलं हे घोडं वेळेवर पोचलंच नाही. जुलैमध्ये कत्तल थांबली ती बंडखोर तुत्सी आघाडीने देश ताब्यात घेतला म्हणून. तोवर सुमारे आठ लाख माणसं गेली होती.

याला अपघात म्हणावं, तर कंबोडिया आठवतो. हुकूमशहा पोल पॉटच्या पावणेचार वर्षांत पंधरा ते वीस लाख लोक मेले. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामच्या सैन्याने नॉम पेन्ह घेतलं आणि तो प्रकार संपवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे प्रश्न आला: कंबोडियाच्या खुर्चीवर कोण बसणार? ७१ विरुद्ध ३५ मतांनी ती पोल पॉटच्या पळालेल्या सरकारकडेच ठेवली गेली. बाजूने मत देणाऱ्यांत अमेरिकाही होती आणि चीनही. पुढे १९८२पासून ही मंडळी इतर गटांशी युती करून तिथे बसली, पण बसलीच. ज्याने कत्तल थांबवली त्याच्यावर बहिष्कार आणि ज्यांनी केली त्यांना मानाचं आसन! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

माझ्या परीक्षकपणाचा अनुभव सांगायचा तर परवानगीच्या बाजूचे वक्ते संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची कलमं चोख म्हणून दाखवतात. 'त्या दिवशी रवांडाच्या वतीने कोण बसलं होतं?' एवढं विचारलं की कागद चाळायला लागतात. याला कोणी पुरावा म्हणणार नाही. पण इतके हुशार वक्ते एकाच प्रश्नावर अडताना पाहिल्यावर माझ्यापुरतं मोजमाप झालं. परिषदेचे नियम बदला, आरोप असलेल्या देशाला बैठकीबाहेर ठेवा, असं उत्तर कधी कधी मिळतं. उत्तर चांगलं आहे. ते अमलात येईपर्यंत काय करायचं, एवढंच त्यात नसतं.

दुसऱ्या पर्यायाची उदाहरणं सत्तरच्या दशकात सापडतात. पूर्व पाकिस्तानात २५ मार्च १९७१ला लष्करी दडपशाही सुरू झाली, भारतात जवळपास एक कोटी निर्वासित आले, आणि ३ डिसेंबरला पाकिस्तानने विमानतळांवर हल्ले केल्यावर उघड युद्ध पेटलं. ७ डिसेंबरला आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीची मागणी केली. भारताने ती मानली नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि मार्च १९७२मध्ये भारतीय सैन्य परतलं. व्हिएतनामचं वर आलंच आहे. तिसरा टांझानिया: युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनच्या सैन्याने त्याच्या कागेरा भागावर चाल केल्यावर तो युगांडात शिरला आणि एप्रिल १९७९मध्ये कंपाला घेतलं. युगांडातलं हत्याकांड वंशसंहाराच्या काटेकोर व्याख्येत बसतं का यावर वाद घालता येईल. पण आम्ही माणसं वाचवायला आलो, हे तिघांपैकी कोणीही आपलं मुख्य कायदेशीर कारण केलं नाही. प्रत्येकाने स्वसंरक्षण पुढे केलं, प्रत्येकाचं स्वतःचं गणितही होतं. हेतू शुद्ध नव्हते म्हणून मला फारसं वाईट वाटत नाही. ज्याचा जीव वाचला तो वाचवणाऱ्याच्या हेतूंची झडती घेत बसत नाही.

मात्र हा पर्याय निर्धोक आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. व्हिएतनामचं सैन्य कंबोडियात सप्टेंबर १९८९पर्यंत, म्हणजे दहाएक वर्षं राहिलं. युगांडात अमीननंतर आधीचे राष्ट्राध्यक्ष ओबोटे परतले आणि लुवेरोच्या भागात पुन्हा रक्त सांडलं. काही वेळा शेजारीच गुन्ह्याचा भागीदार असतो. बोस्नियाचा शेजारी सर्बिया होता, आणि बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सातला १९९५चा वंशसंहार रोखण्याचं कर्तव्य त्याने मोडलं, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७मध्ये दिला. माझ्या आवडत्या बाजूला सगळ्यात जड जाणारं उदाहरण तर पुन्हा रवांडाचं. ज्या सैन्याने १९९४मध्ये कत्तल थांबवली तेच १९९६मध्ये पळालेल्या मारेकऱ्यांच्या मागावर शेजारच्या काँगोत घुसलं, आणि तिथे जे सुरू झालं ते अजून पुरतं शमलेलं नाही. हे उदाहरण समोर आलं की मी आवाज खाली आणतो.

लांबून विमानं पाठवायची, हाही एक प्रकार आहे. कोसोवोतल्या अल्बेनियन लोकांसाठी नाटोने १९९९मध्ये परिषदेला न विचारता ७८ दिवस बॉम्बहल्ले केले, त्यातला बराच काळ विमानं विमानविरोधी माऱ्याच्या टप्प्याबाहेर, खूप उंचावर ठेवून. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार मला कधी रुचला नाही. तो नियमबाह्य असूनही समर्थनीय होता, असं मानणारे जाणकार आहेत, त्यांचा मान राखून.

२००७च्या त्या निकालातली आणखी एक गोष्ट माझ्या बाजूला बळ देते. रोखण्याची जबाबदारी सगळ्यांवर आहे, पण कोणावर किती, हे त्याचा प्रत्यक्ष प्रभाव किती पोचतो यावर ठरतं, असं न्यायालयाने म्हटलं. त्यात भौगोलिक अंतर आणि संबंधांची जवळीक दोन्ही धरली. गंभीर धोक्याची माहिती झाली, किंवा व्हायला हवी होती, त्या क्षणापासून ही जबाबदारी लागू होते. याचा अर्थ रांगेत पहिला शेजारीच उभा. पण त्याने जे करायचं ते आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चौकटीतच, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे रांगेत पुढे उभं करून त्याचे हात बांधलेले. हा पेच मला सोडवता आलेला नाही, आणि कोणी सफाईने सोडवल्याचं ऐकण्यातही नाही.

तेव्हा तुमचा देश लांब असेल आणि तिथे नेण्याजोगं बळ नसेल, तर पहिलाच पर्याय धरा, पण ठरावाच्या भाषेवर समाधान मानू नका. किती निर्वासित घेणार, शांतिसेनेला माणसं आणि अधिकार देणार की नाही, हे सरकारला विचारा. सीमा लागून असेल आणि रोज माणसं ओलांडून येत असतील, तर मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने हात वर करीन, परतीची तारीख आत जाण्याआधीच जाहीर करण्याच्या अटीवर. ठाम सांगत नाही, काँगो आठवतो.

आणि निर्णयासाठी वाचन करणार असाल तर लिबियापासून सुरुवात करू नका. विनापरवानगी हस्तक्षेपाचे दुष्परिणाम म्हणून त्याचा दाखला बोट नाचवत दिला जातो. प्रत्यक्षात बळाच्या वापराला मुभा देणारा १७ मार्च २०११चा ठराव सुरक्षा परिषदेने दहा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला होता. भारत, जर्मनी, ब्राझील, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. लिबियात जे विस्कटलं ते रीतसर परवानगी घेऊन विस्कटलं.