इन्क्युबेटरमध्ये मावणारे तीन रंगांचे सूक्ष्मदर्शक: सात महिन्यांच्या वापरानंतर

जिवंत पेशींचे तीन रंगांत सलग चित्रीकरण करण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत जुळवलेले छोटे फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक (एका रंगाचा प्रकाश टाकल्यावर पेशीतले द्रव्य दुसऱ्या रंगात चमकते, ती चमक टिपणारे) गेले सात महिने इन्क्युबेटरच्या, म्हणजे पेशी उबदार व दमट हवेत वाढवण्याच्या कपाटाच्या, खालच्या कप्प्यात काम करीत आहे. आकाराने ते बुटांच्या खोक्याएवढे आहे. आराखडा करताना आमची सारी चिंता रंग एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची होती. प्रत्यक्षात अधिक छळले ते उष्णतेने आणि भटक्या प्रकाशाने. मोठ्या सूक्ष्मदर्शकात भागाभागांमधले अंतर जे काम गुपचूप आणि फुकट करीत असते, ते लहान खोक्यात मुद्दाम करवून घ्यावे लागते, हे आम्हाला उशिरा कळले.

आमचे काम पेशीचक्राचे, म्हणजे पेशी एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंत ज्या अवस्थांतून जाते त्यांचे, आहे. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने प्रसिद्ध केलेली फुची ही, चमकणाऱ्या प्रथिनांनी पेशीची अवस्था दाखवणारी, प्रणाली वापरलेल्या पेशींचे केंद्रक जी-१ (विभाजनानंतरच्या वाढीच्या) अवस्थेत नारिंगी आणि एस (डीएनएची प्रत बनण्याच्या), जी-२ (विभाजनाच्या तयारीच्या) व विभाजनाच्या अवस्थांत हिरवे दिसते. केंद्रक कोठे आहे हे सदैव कळावे म्हणून डीएनएला चिकटणारा तिसरा, दूर-लाल रंग अत्यल्प प्रमाणात घातलेला असतो. अशा पेशी दोन-दोन दिवस, दर दहा मिनिटांनी एक या गतीने टिपायच्या, एवढीच या यंत्राकडून अपेक्षा होती.

ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचे भिंग, २० पटींचे, ०.७५ एनएचे (एनए हा प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचा आकडा) आहे. ते २०० मिलिमीटरच्या ट्यूब लेन्ससाठी (कॅमेऱ्यावर प्रतिमा उमटवणाऱ्या भिंगासाठी) आखलेले असते. जागा वाचवण्यासाठी आम्ही १०० मिलिमीटरची लेन्स लावली आणि प्रत्यक्ष विशालन १० पटींवर आले. कॅमेऱ्याचा ३.४५ मायक्रोमीटरचा पिक्सेल नमुन्यावर ०.३४५ मायक्रोमीटर व्यापतो. हिरव्या प्रकाशात हे ऑब्जेक्टिव्ह सुमारे ०.४ मायक्रोमीटरचा तपशील वेगळा दाखवू शकते, पण तो नीट टिपायला पिक्सेल त्याच्या निम्म्याहून लहान हवा. म्हणजे चांगल्या ऑब्जेक्टिव्हची बरीचशी धार आम्ही जाणूनबुजून बोथट केली. याचा पश्चात्ताप मात्र झाला नाही, कारण विशालन निम्मे झाले की प्रत्येक पिक्सेलवर चौपट प्रकाश पडतो आणि तेवढ्याच स्पष्ट चित्रासाठी पेशींवर कमी प्रकाश टाकावा लागतो. दहा-पंधरा मायक्रोमीटरची केंद्रके मोजणाऱ्याला हा सौदा परवडतो; मायटोकॉन्ड्रियाचे जाळे पाहू इच्छिणाऱ्याने तो करू नये. चित्राचे कोपरे थोडे मऊ येतात, ते आम्ही मोजणीतून वगळतो.

रंग बदलण्यासाठी फिल्टरचे चक्र नाही. एकच बहुपट्टी डायक्रोइक आरसा (काही रंग परावर्तित करून बाकीचे पार सोडणारा), एकच बहुपट्टी उत्सर्जन फिल्टर (पेशींच्या चमकेचेच रंग कॅमेऱ्याकडे जाऊ देणारा) आणि आळीपाळीने लागणारे तीन एलईडी, अशी मांडणी आहे. काहीच हलत नसल्यामुळे तिन्ही रंगांची चित्रे एकमेकांवर बरोबर बसतात. सात महिन्यांत चित्रे जुळवण्याची आज्ञावली फक्त दोनदा चालवावी लागली. किंमत मोजावी लागते ती सरमिसळीत. निळा एलईडी लागतो तेव्हा नारिंगी प्रथिनही थोडे उत्तेजित होते, आणि फिल्टरची नारिंगी पट्टी उघडीच असल्याने तो प्रकाश ‘हिरव्या’ चित्रात येतो. आमच्या कामात हा दोष विशेष घातक ठरतो, कारण जी-१ मधले केंद्रक थोडे हिरवे दिसले तर ते एस अवस्थेत शिरत आहे असे वाटते. यंत्राची चूक जीवशास्त्राचा वेष घेऊन येते. पहिल्या महिन्यातले काही आलेख आम्हाला याच कारणासाठी बाजूला ठेवावे लागले. आता प्रत्येक प्रयोगात केवळ एकेक रंग असलेल्या पेशींची डिश आधी टिपतो आणि तिच्यावरून काढलेली सरमिसळ वजा करतो. एलईडी जुना होत जातो तसे हे गुणक बदलतात, म्हणून जुने आकडे पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा.

नारिंगी प्रथिनासाठी ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश हवा आणि नेमक्या याच भागात एलईडी दुबळे असतात. आम्ही फॉस्फरचा (प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या द्रव्याचा) लेप असलेला हिरवट-पिवळा एलईडी घेतला. तो पुरेसा प्रखर आहे, पण त्याचा वर्णपट इतका पसरट आहे की अरुंद उत्तेजन फिल्टरशिवाय त्याला हात लावू नये.

आता उष्णतेविषयी. डिशचा आधार आणि ऑब्जेक्टिव्ह यांना जोडणारी ॲल्युमिनियमची चौकट १२ सेंटीमीटरची आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर प्रसरण पावते, म्हणजे तापमान एका अंशाने बदलले की आमचा फोकस पावणेतीन मायक्रोमीटर सरकू शकतो. चित्र स्पष्ट राहण्याची खोली जेमतेम दीड मायक्रोमीटर. शेजारी तीन वॅटच्या आसपास उष्णता टाकणारा कॅमेरा, आणि सुरुवातीच्या रचनेत तीन एलईडीही त्याच चौकटीला स्क्रूने घट्ट बसवलेले! कॅमेरा फक्त चित्र घेतानाच चालू करावा, म्हणजे उष्णता कमी होईल, असा शहाणपणाचा वाटणारा उपाय आम्ही केला आणि फोकस दर दहा मिनिटांनी पुढे-मागे डुलू लागला. कॅमेरा अखंड चालू ठेवून तीन तास तापू दिल्यावर ते डुलणे थांबले. उष्णता किती आहे यापेक्षा ती स्थिर आहे की नाही, यावर सारे अवलंबून होते. एलईडी नंतर बाहेर नेले आणि त्यांचा प्रकाश लाइट गाइडने, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या नळीने, आत आणला. माझ्या मते संपूर्ण यंत्रातली ही सर्वांत मोलाची दुरुस्ती आहे.

इन्क्युबेटरचे दार उघडले की यंत्र थंड होते आणि दार लावल्यावर ३७ अंशांची दमट हवा थंड काचेवर दव धरते. ऑब्जेक्टिव्हभोवती छोटी तापपट्टी गुंडाळून ते सभोवतालापेक्षा अंशभर गरम ठेवल्यावर हा त्रास संपला.

भटक्या प्रकाशाने अधिक काळ चकवले. इंटरफेरन्स फिल्टर (पातळ थरांच्या साहाय्याने ठरावीक रंगच पार सोडणारा, आमच्यासारखा फिल्टर) सरळ येणाऱ्या किरणांसाठी बनलेला असतो; तिरप्या किरणांसाठी त्याची पट्टी कमी तरंगलांबीकडे सरकते. अरुंद खोक्यात उत्तेजक प्रकाश भिंतींवर आपटून तिरपा फिल्टरवर येतो आणि त्यातला काही पार होतो. काळे ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवलेला काळा थर) डोळ्यांना काळे दिसते, पण दूर-लालाच्या पलीकडे ते बरेच परावर्तन करते, हे आमच्या राखाडी पार्श्वभूमीवरून शिकलो. आत मखमली काळा कागद चिकटवला तेव्हा पार्श्वभूमी झटक्यात खाली आली. पाच आठवड्यांनी त्या कागदावर बुरशी आली. दमट कप्प्यात मखमल लावणाऱ्याची ती योग्य शिक्षा होती, असे आता हसून म्हणतो. सध्या खाचा पाडलेल्या धातूच्या आडपट्ट्या आहेत.

सर्वांत गंभीर दोष मात्र चित्रात दिसतच नव्हता. टिपलेल्या जागेतल्या पेशी त्याच डिशमधल्या न टिपलेल्या पेशींपेक्षा उशिरा विभागत होत्या, म्हणजे प्रकाश त्यांना इजा करीत होता. आम्ही एक्सपोजर कमी केले, फिनॉल रेड हे रंगद्रव्य नसलेले पोषक माध्यम घेतले. फरक पडला, पण थोडाच. शेवटी सगळे दिवे बंद असताना अंधारात लाइट गाइडच्या टोकाकडे पाहिले, तर निळा एलईडी मिणमिणत होता. त्याला वीज पुरवणाऱ्या चालक मंडलातून किंचित प्रवाह गळत होता. १०० मिलिसेकंदांचा झोत दहा मिनिटांतून एकदा म्हणजे वेळेचा ६०००वा हिस्सा. बंद एलईडी पूर्ण प्रखरतेच्या एक-सहस्रांशाने जरी तेवत राहिला, तरी त्या दहा मिनिटांत त्याच्या प्रकाशाची मात्रा झोताच्या सहापट होते. आम्ही झोतावर कात्री चालवीत बसलो होतो आणि खरी मात्रा अंधारातून जात होती. आता एलईडीच्या पुढे यांत्रिक शटर आहे, आणि टिपलेल्या व न टिपलेल्या पेशींच्या विभाजनकाळाची तुलना प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत असते. कोणत्याही छोट्या यंत्राची जाहिरात वाचताना मी आता ही एक तुलना आधी शोधतो आणि ती क्वचितच सापडते.

केंद्रके मोजणे, पेशीचक्राचा काळ काढणे, अनेक डिश समांतर चालवणे यांसाठी हे यंत्र मोठ्या सूक्ष्मदर्शकाची जागा खरोखर घेते, आणि मोठे सूक्ष्मदर्शक मोकळे असण्याची वाट पाहावी लागत नाही. बारीक अंगके किंवा सेकंदागणिक बदलणारी कॅल्शियमची स्पंदने यांसाठी आम्ही अजूनही मोठ्या सूक्ष्मदर्शकाकडेच जातो. दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा तयार आहे: कॅमेरा चौकटीपासून सुटा, उत्सर्जन फिल्टरच्या आधी आणखी दोन आडपट्ट्या, आणि उंची पहिल्यापेक्षा ४० मिलिमीटरने जास्त.