हीटरचं बटण बंद होतं

रेडिओ फार छान ऐकू येत होता, तिथेच मी फसलो.

नाशिकरोडला स्टेशनजवळच्या लॉजवर, खिडकीतून बाहेर सोडलेल्या दहा-बारा फूट वायरवर याएसूचा एफटी-१०१ई हा हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संपर्काचा) सेट असा काही बोलत होता की मी टेबलापाशी खुर्ची ओढून बसलोच. सकाळची वेळ, सात मेगाहर्ट्झवर नेहमीच्या मंडळींच्या गप्पा चाललेल्या, डायल हाताला लोण्यासारखा. सत्तरच्या दशकातला सेट आणि पॅनेलवर ओरखडा नाही. हॅमचं लायसन्स मिळालं तेव्हापासून मला हाच हवा होता.

विकणारा तिशीतला, बोलायला गोड. "सर, काकांचा सेट आहे. काका गेले, घरात कोणाला यातलं कळत नाही. भंगारात घालवायचं जिवावर येतं." सोबत मूळ मॅन्युअल आणि क्यूएसएल कार्डांचा, म्हणजे संपर्क झाल्याची पोच देणाऱ्या कार्डांचा, गठ्ठा. फायनलच्या, म्हणजे शेवटी पॉवर देणाऱ्या, ट्यूबा काकांनी गेल्याच वर्षी बदलल्या, नव्या कोऱ्या, एनईसी या जपानी कंपनीच्या, असं तो तीनदा तरी म्हणाला. ज्याला यातलं काही कळत नाही त्याला ट्यूबचा मेक तोंडपाठ कसा, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आणखी एक गोष्ट सुटली. त्याने माझं कॉलसाइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारी हॅमची ओळख, विचारलंच नाही. आपल्याकडे लायसन्स नसलेल्या माणसाला ट्रान्समीटर विकता येत नाही, त्यामुळे खरा हॅम भावाआधी कॉलसाइन विचारतो.

आता मुख्य गोष्ट. एफटी-१०१ हा हायब्रिड सेट. रिसीव्हर सगळा ट्रान्झिस्टरवर चालतो. ट्यूबा तीनच, ट्रान्समिटसाठी: ड्रायव्हरला एक १२बीवाय७ए आणि फायनलला दोन ६जेएस६सी. म्हणून समोर पॅनेलवर ट्यूबा तापवणाऱ्या हीटरचं वेगळं बटण आहे. ते बंद ठेवून दिवसभर ऐका, ट्यूबा थंडच राहतात. लॉजवर तासभर ते बंदच होतं. मी विचारलं तर म्हणाला, "ट्यूबचं आयुष्य वाचतं ना सर." खरंच वाचतं, त्यात खोटं काही नाही. पण त्या तासाभरात मी अर्धाच रेडिओ पाहिला, आणि तो अर्धा बिघडलेला नव्हता.

ट्रान्समिट करून दाखवा म्हटलं तर उत्तर तयार. ही वायर म्हणजे अँटेना नव्हे, मॅच नाही, फायनल उडतील. हेही बरोबर! मग त्याने हीटर लावला, मिनिटभर थांबला, माइक गेन शून्यावर नेऊन पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबलं आणि मीटर दाखवला. "बघा, साठ." मॅन्युअलमध्ये आयडल करंट, म्हणजे सिग्नल नसतानाचा फायनलचा करंट, ६० मिलीअँपिअरच दिलाय. मी खूश.

तो आकडा बायसच्या पॉटवर, म्हणजे फिरवून लावायच्या रेझिस्टरवर, लावायचा असतो. ट्यूब थकली की करंट उतरतो. पॉट थोडा फिरवला की काटा पुन्हा साठवर. त्यावरून ट्यूब किती पॉवर देईल हे कळत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सुरतचा कोणी दुपारी सेट बघायला येणार होता, म्हणे. पाच हजार आधीच पाठवले होते, एकोणतीस रोख मोजले आणि सेट मांडीवर घेऊन रिक्षाने सिडकोला घरी आलो. पावती मागितली नाही. गेलेल्या माणसाच्या वस्तूची पावती काय मागायची, असं वाटलं.

घरी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर, सेट ट्यूनला टाकला. चाळीस मीटरच्या बँडवर (तोच सात मेगाहर्ट्झ) अठरा वॅट. वीसवर त्याहून कमी, दहावर काटा जेमतेम हलला. धडधाकट सेट चाळीसवर शंभराच्या आसपास सहज देतो. प्लेटचा कंट्रोल फिरवताना करंटचा डिप एका जागी, पॉवरचा पीक दुसऱ्याच जागी; खरं तर दोन्ही एकत्र यायला हवेत. ड्राइव्ह (फायनलला मिळणारा सिग्नल) शून्य असतानाही एका ठिकाणी काटा एकदम उसळला. फायनल स्वतःच ऑसिलेट होत होती, म्हणजे सिग्नल आपणच तयार करत होती.

दुसऱ्या दिवशी सेट देवळालीला आमच्या एका जुन्या ओएमकडे (‘ओल्ड मॅन’, हॅम एकमेकांना असंच म्हणतात) नेला. वय शहात्तर, हात अजून स्थिर. मी झाकणाचे स्क्रू काढायला गेलो तर ओरडले, "अरे थांब, आत सहाशे व्होल्ट आहेत. प्लग काढला म्हणजे संपलं असं नसतं." कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज रेझिस्टरमधून उतरवला, मीटरने शून्य पाहिलं, मग ट्यूबा बाहेर काढल्या. दोन्हींवर एनईसीची ठळक छपाई. ओएमनी एक ट्यूब तोंडाशी धरून, चष्मा पुसताना सोडतो तशी काचेवर वाफ सोडली. नव्या छपाईच्या आडवी, फिकट, दुसऱ्याच मेकची अक्षरं उमटली आणि विरली. जुन्या ट्यूबची शाई बोटाने तशीही पुसली जाते, त्यावरून काही ठरत नाही. पण पुसलेलं नाव काचेवर सावलीसारखं राहतं. ट्यूबा शेजारी धरल्या तर प्लेटची घडणही सारखी नव्हती, आणि एकीचा माथ्याजवळचा चंदेरी गेटर (आतली उरलीसुरली हवा शोषणारा लेप) कडेने तपकिरी पडलेला.

अशी विजोड जोडी न्यूट्रलाइज, म्हणजे ऑसिलेट न होण्याजोगी, होणार कशी? या सेटचं न्यूट्रलायझेशन तसंही ट्यूबच्या मेकबाबत नखरेल. ६जेएस६सी मुळात टीव्हीसाठी बनलेली ट्यूब, टीव्ही गेले तशी तीही दुर्मिळ झाली. चांगली जोडी मिळवायला मला चार महिने आणि साडेतेरा हजार लागले. ती घालण्याआधी ओएमनी ड्रायव्हर आणि फायनलच्या मधला कपलिंग कपॅसिटर बदलायला लावला. तो लीक झाला की ड्रायव्हरच्या प्लेटचं पॉझिटिव्ह व्होल्टेज फायनलच्या ग्रिडवर येतं आणि नवी ट्यूबही लाल होऊन जाते.

विकणाऱ्याचा फोन तिसऱ्या दिवसापासून बंद. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न पावतीचाच आला.

आता कोणाचाही ट्यूबवाला सेट बघायला जाताना माझ्या पिशवीत वॉटमीटर आणि एक डबा असतो. एक किलोओहम, दोन वॅटचे वीस कार्बन रेझिस्टर पॅरलल जोडलेत, म्हणजे पन्नास ओहम, आणि ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवलेत. वायरवाउंड घेऊ नका, त्यांना इंडक्टन्स असतो. नुसत्या रेझिस्टरांची ताकद चाळीस वॅटची, पण तेलामुळे थोडा वेळ जास्त झेपतं. या फायनलवर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त की डाउन (सलग ट्रान्समिट) करायचंच नाही, त्यामुळे डबा पुरतो. ‘अँटेना नाही’ ही सबब मग उरत नाही. प्रत्येक बँडवर ट्यून करून दाखवायला सांगा, डिप आणि पीक एका जागी येतात का ते स्वतः पाहा.

गेल्या आठवड्यात एक जाहिरात दिसली. नाव दुसरं, शहर दुसरं, काका मात्र तेच वारलेले. फोटो मोठा करून पाहिला. डायल उजळलेला, मागे लॉजचा तोच हिरवा पडदा, आणि हीटर ऑफ.