नौपाड्यातलं मेडिकल: चार तारे, तेही काकांना

थायरॉइडची गोळी मी सहा वर्षं घेतेय, ७५ मायक्रोग्रॅमची. सात अठराची लोकल धरायची म्हणून पहाटे गोळी, कॅल्शियम आणि आल्याचा चहा, सगळं एका दमात. कॅल्शियम गुडघ्यांसाठी यंदाच सुरू झालेलं. मार्चमध्ये टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढला की समजायचं औषध कमी पडतंय) एकदम ९! मी वैतागून बाटली काउंटरवर आपटली, म्हटलं, काका, औषधात दम उरला नाही.

काकांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताई, सकाळी अजून काय काय घेता?"

मग गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना शिकवणी. गोळीत लिव्होथायरॉक्सिन असतं, म्हणजे टी-४. आपली थायरॉइड ग्रंथी बनवते तेच हार्मोन, फक्त कारखान्यात केलेलं. कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून दोन्हींत चार तास हवेत. लोहाच्या गोळीचंही तेच. आणि चहा? अर्धा-पाऊण तास थांबून. (हेच सगळ्यात जड गेलं.)

रक्तात पोचलं तरी काम लगेच नाही. यकृतात, मूत्रपिंडात टी-४ मधला आयोडीनचा एक अणू निघतो, टी-३ तयार होतं. ते पेशीच्या केंद्रकात शिरून कुठल्या जनुकांनी किती काम करायचं ते ठरवतं. डोकेदुखीच्या गोळीसारखा तासाभरात फरक कुठून दिसणार? टी-४ रक्तात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, म्हणून बदल केला की टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी बघायचा.

मी शहाणपणा केला, मग थेट टी-३च द्या ना! तीही गोळी असते म्हणाले, पण झटकन चढते, झटकन उतरते, छातीत धडधडू शकतं. टी-४ दिलं की शरीर लागेल तसं टी-३ करून घेतं. "आणि डोस मी सांगणार नाही, डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. सात आठवड्यांनी टीएसएच ३.१.

आता तक्रारी. दुपारी दोन ते पाच शटर खाली, स्कूटर लावायला इंचभर जागा नाही. काउंटरवर पोरगा असेल तर कंपनीचं नाव वाचून घ्या. मला त्याने "सेमच आहे हो" म्हणत दुसरीच बाटली दिली होती. कंपनी बदलली तर टीएसएच परत तपासावा लागतो, हे काकांनी त्याला माझ्यासमोरच सुनावलं, आणि बाटली बदलून दिली.